स्लीव्ह की बायपास हे नंतर ठरवा, आधी विम्याची फाईल पाठवा

भाऊ, तुमची पोस्ट वाचली. वहिनी ४१ वर्षांच्या, उंची १६० सेंमी, वजन ९४ किलो, शुगर आठ वर्षांपासून, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ९.१, आणि रोज सकाळी पॅन्टोप्रॅझोल (ॲसिडिटीची गोळी) घेतल्याशिवाय छातीतली जळजळ थांबत नाही. वजन कमी करायच्या ऑपरेशनसाठी एक सर्जन स्लीव्ह (जठर कापून अरुंद करणं) म्हणतात, दुसरे मिनी बायपास (जठराची लहान पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडणं). सोमवारपासून पंधरा दिवसांचं लिक्विड डाएट सुरू, आणि विम्याच्या काउंटरवर सांगितलं, "ॲडमिट व्हाल त्या दिवशी प्री-ऑथ टाकू," म्हणजे विम्याची आगाऊ मंजुरी तेव्हा मागू. या शेवटच्या वाक्यासाठी उत्तर लिहितोय. याच वाक्यापायी आमच्या घरची फाईल नामंजूर झाली आणि सगळा खर्च खिशातून गेला. हॉस्पिटलचं नाव विचारू नका, सांगणार नाही.

ऑपरेशन कोणाला करावं याचा डॉक्टरांचा निकष वेगळा, विम्याचा वेगळा. आशियाई लोकांसाठी २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २७.५ पासूनच विचार करा म्हणतात. विम्याचं तसं नाही. आयआरडीएआयने (विम्याचं सरकारी नियामक) ठरवून दिलेल्या वगळणुकींत, म्हणजे विमा जे देत नाही त्या यादीत, कोड ०६ लठ्ठपणाचा आहे. पॉलिसीत तो शब्दशः सापडेल. त्यात सूट मिळते ती बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त असेल तर. नाहीतर ३५ किंवा त्याहून जास्त आणि सोबत चारपैकी एक आजार: लठ्ठपणामुळे झालेला हृदयस्नायूंचा विकार, कोरोनरी हृदयरोग, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) किंवा अनियंत्रित टाइप २ मधुमेह. शिवाय आधीचे साधे उपाय करून फरक पडलेला नाही, हेही दाखवावं लागतं.

आता हिशोब करा. १.६ गुणिले १.६ म्हणजे २.५६. त्याला ३५ ने गुणलं की ८९.६. वहिनींची रेषा ८९.६ किलोवर आहे. आज ९४ किलोला बीएमआय ३६.७, म्हणजे बसतंय. पण लिक्विड डाएट असतं कशासाठी? जठरावर पसरलेला यकृताचा डावा भाग आकसावा, दुर्बिणीला जागा मिळावी म्हणून. त्यात यकृतात साठलेली साखर (ग्लायकोजेन) आणि त्यासोबतचं पाणी जातं, वजन चार-पाच किलोंनी सहज उतरतं. ॲडमिट व्हायच्या दिवशी काट्यावर ८९ आले की बीएमआय ३४.८. सिस्टर तोच आकडा कागदावर लिहितात, तोच फॉर्मात जातो, आणि टीपीएचा (विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या एजन्सीचा) डॉक्टर तेवढाच बघतो. फाईल बंद. चपला घालून उंची १६२ भरली तर ९१.५ किलोलाही बीएमआय ३५ च्या खालीच येतो. शुगरचंही तेच. पंधरा दिवस पातळ खाल्ल्यावर तपासलेली शुगर छान दिसते, आणि मग 'अनियंत्रित' कशावरून?

म्हणून डाएट सुरू व्हायच्या आधी ओपीडीच्या कागदावर अनवाणी मोजलेली उंची, वजन, बीएमआय, तारीख, डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक घ्या. फिजिशियनच्या पत्रात नुसतं "मधुमेह आहे" नको. औषधांची नावं, मात्रा, आणि ती चालू असूनही एचबीए१सी किती राहिलं ते हवं, दोन वेगवेगळ्या तारखांच्या रिपोर्टसह. आहारतज्ज्ञाचे, वजनाच्या औषधांचे जुने कागद शोधा. वहिनी घोरत असतील तर स्लीप स्टडी करून घ्या. ॲप्निया तीव्र निघाला तर दुसरा आधार मिळतो आणि भूल देणाऱ्यालाही ते कळायलाच हवं. सर्जनच्या पत्रात एक ओळ मागा: ऑपरेशनपूर्व आहारामुळे दाखल होताना वजन कमी भरेल, पात्रता अमुक तारखेच्या मोजमापावर धरावी. हे सगळं जोडून प्री-ऑथ आधी, डाएट नंतर. तारीख आठवडाभर पुढे गेली तरी चालेल. वजन फुगवून मात्र लिहून घेऊ नका. ती फसवणूक ठरते आणि पॉलिसीच जाऊ शकते.

काउंटरवरच्या माणसाला दोष देऊन उपयोग नाही, पण विश्वासही ठेवू नका. तो हॉस्पिटलचा नोकर. विमा कंपनी तिसरीकडे, टीपीए मधेच. तिघंही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि "हे कॉस्मेटिक आहे" असं तोंडी ऐकवतात. तोंडी काहीही घेऊ नका, नकार कलमासकट लेखी मागा. मग कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लिहा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. नागपूरकरांना पुण्याचं कार्यालय लागतं. फी नाही, वकील लागत नाही, मुदत एक वर्षाची. मधुमेह आधीपासूनचा असल्याने प्रतीक्षा कालावधी संपलाय का तेही आजच बघा.

आता स्लीव्ह की बायपास. मी डॉक्टर नाही, पण रोज पॅन्टोप्रॅझोल घेणाऱ्याला एंडोस्कोपी न करता स्लीव्ह सांगितली असेल तर मी दुसरं मत घेईन. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात. उरते ती अरुंद नळी, आणि त्यातला दाब वर अन्ननलिकेकडे जातो. स्वित्झर्लंडमध्ये २१७ रुग्णांचा पाच वर्षं पाठपुरावा केलेला अभ्यास २०१८ मध्ये आला. त्यात स्लीव्हची तुलना रू-एन-वायशी, म्हणजे दोन जोडांच्या नेहमीच्या बायपासशी होती. वजनात दोन्ही ऑपरेशनांत मोठा फरक नव्हता, पण आधीची ॲसिडिटी वाढली ती स्लीव्हवाल्यांत सुमारे ३२ टक्क्यांची, बायपासवाल्यांत ६ टक्क्यांची. कापलेलं जठर परत बसवता येत नाही.

मिनी बायपासमध्ये जठराची लांब पिशवी आणि आतड्याला एकच जोड असतो, साधारण १५० ते २०० सेंमी आतडं वगळतात. शुगरवर परिणाम जोरदार, ऑपरेशन तुलनेने लवकर होतं. पण जोड एकच असल्याने पित्त पिशवीत येऊ शकतं. आधीच अन्ननलिका सोललेली असेल तर ते नको. रू-एन-वायमध्ये सुमारे ३० मिलीची पिशवी, दोन जोड, आणि पित्त खाली दूर वळवलेलं. म्हणून आठ वर्षांची शुगर आणि रोजची जळजळ असताना तिसरा प्रश्न विचारा: "रू-एन-वाय का नको?" तोटेही आहेत. आतड्याच्या फटीत आतडं अडकू शकतं, जोडाजवळ अल्सर होतो. जठरात ठेवायचा फुगा सहा महिन्यांनी काढला की बहुतेकदा वजन परत येतं. बँड (जठराभोवती आवळायचा पट्टा) आता कोणी सुचवला तर उठून या.

कोटेशन घेताना पॅकेजमध्ये जठर कापून शिवणाऱ्या स्टेपलरच्या किती कार्ट्रिज (पिनांचे संच) धरल्यात ते विचारा. बिल तिथेच फुगतं. रूम भाड्याची मर्यादा ओलांडली तर अनेक पॉलिसींत बाकीचं बिलही त्याच प्रमाणात कापतात.

शुगरच्या औषधांत डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर लिक्विड डाएटच्या आधीच डॉक्टरांना सांगा. साखर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात किटोन (आम्ल) वाढून माणूस गंभीर होतो. ग्लिमेपिराइड, इन्सुलिन कमी करावं लागतं. ते स्वतःच्या मनाने नाही.

तारीख हातात असेल तर एप्रिल-मे टाळा. आपल्या नागपुरात पारा ४५ ला जातो आणि नवीन पिशवी घोटभरच पाणी घेते. दीड-दोन लिटर दिवसभर चमच्या-चमच्याने पोटात घालायचं म्हणजे नोकरीच. संत्र्याचा रस आरोग्यदायी म्हणून पाजू नका, बायपासनंतर घाम, धडधड, जुलाब होतात. सावजी रस्सा काही महिने विसरा. घरात कोणी खर्रा खात असेल आणि वहिनीही एखादी पुडी तोंडात टाकत असतील तर ते आधी बंद. तंबाखूने जोडाचा अल्सर होतो. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक, कॉम्बिफ्लाम कायमची बंद, पॅरासिटामॉल चालतं.

गोळ्या आयुष्यभर: बी१२, लोह, डी३, कॅल्शियम (सायट्रेट स्वरूपात) रोज १२०० ते १५०० मिग्रॅ विभागून, लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर. प्रथिनं ६० ग्रॅमच्या खाली नको. पहिल्या दहा दिवसांत नाडी १२० च्या वर, ताप किंवा डाव्या खांद्यात दुखलं तर गल्लीतल्या दवाखान्यात नाही, सरळ सर्जनकडे. आणि उलट्या काही दिवस थांबल्या नाहीत तर कुठेही ग्लुकोजची बाटली लावायच्या आधी थायमिनचं (बी१) इंजेक्शन द्यायला सांगा. बी१ संपलेलं असताना नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होते. ही एक ओळ मराठीत आणि इंग्रजीत चिठ्ठीवर लिहून वहिनींच्या पर्समध्ये ठेवा.