शहर आडवे का पसरते?

लोकसंख्या वाढली की शहर पसरणारच, मग वेगळी कारणे कशाला शोधायची, असे आपण विचारले आहे. लोकसंख्येचा वाटा मोठा आहे हे मला मान्य आहे, पण तेवढ्यावर थांबू नये, असे मी आग्रहाने सांगेन. अमेरिकेतील डेट्रॉइट शहराची लोकसंख्या १९५० मध्ये सुमारे साडेअठरा लाख होती आणि २०१० पर्यंत ती सव्वासात लाखांच्याही खाली आली. तरीही त्या साठ वर्षांत त्याची उपनगरे बाहेर सरकतच राहिली.

माझ्या मते मूळ प्रश्न प्रवासाच्या वेळेचा आहे. कामावर पोहोचायला माणूस अर्धा तास देईल असे धरले, तर ताशी ५ किलोमीटर चालणाऱ्याला केंद्रापासून अडीच किलोमीटरच्या आतच घर शोधावे लागते, आणि त्याच्या आवाक्यातले क्षेत्र जेमतेम २० चौरस किलोमीटर भरते. ताशी १५ किलोमीटरच्या ट्रामने ते १७७ होते, तर ताशी ४० किलोमीटरच्या मोटारीने साडेबाराशेच्या वर जाते. वेग आठपट वाढला, जमीन मात्र चौसष्टपट आवाक्यात आली! अमेरिकेतील रिचमंडमध्ये १८८८ साली विजेची ट्राम यशस्वी झाल्यावर अनेक शहरे रुळांच्या कडेने बोटांसारखी लांबली आणि मोटारीने पुढे त्या बोटांमधल्या जागाही भरून काढल्या.

उत्पन्न वाढले की ऐसपैस घर हवेसे वाटते आणि तेवढी जागा परवडते ती कडेलाच. अमेरिकेत सरकारनेही या ओढीला बळ दिले: १९३४ पासून गृहकर्जांना विमा मिळाला, पण कृष्णवर्णीयांच्या वस्त्या त्यातून पद्धतशीरपणे वगळल्या गेल्या; पुढे १९५६ च्या महामार्ग कायद्याने सुमारे ६६,००० किलोमीटर महामार्गांची आखणी झाली. वस्त्या वगळण्याचा तो अन्याय सोडून त्या उपनगरांविषयी बोलणे मला योग्य वाटत नाही.

कडेवरची वाढ सलग का नसते, हेही पाहण्यासारखे आहे. शहराला लागून शेत असलेला मालक भाव आणखी चढेल म्हणून थांबतो, तेव्हा बांधकाम करणारा ते शेत ओलांडून पुढची स्वस्त जमीन घेतो. मग रस्ता, जलवाहिनी आणि विजेच्या तारा त्या रिकाम्या शेताच्या बांधाबांधाने पुढे जातात. दिव्यांच्या खांबांची रांग लागते, आणि दोन्ही बाजूंना नुसते गवत! पलीकडच्या चाळीस घरांसाठी टाकलेल्या या वाहिनीचा खर्च बहुधा सगळ्या शहराच्या कररूपाने वसूल होतो. दूरच्या घराच्या किमतीत तो पुरता धरला जात नाही, म्हणून ते घर आहे त्याहून स्वस्त भासते. शिवाय फायदा मिळतो तो थांबलेल्या मालकाला, कारण त्याने काहीही न करता त्याच्या जमिनीपर्यंत पाणी पोहोचलेले असते.

नियमांचेही तसेच आहे. मध्यभागी चटईक्षेत्र, म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल त्याची मर्यादा, फार आखडले, तर तिथे न मावलेली घरे कडेला जातात. शहराभोवती बांधकामाला आळा घालणारा हरित पट्टा शेती वाचवतो, पण आत पुरेशी घरे उभी राहिली नाहीत तर वाढ त्याच्यावरून उडी मारते. लंडनभोवतीच्या पट्ट्यापलीकडच्या गावांतून रोज सकाळी रेल्वेने शहरात कामाला येणारी माणसे तोच पट्टा दिवसातून दोनदा ओलांडतात.