कर्णबधिर खेळाडू पॅरालिम्पिकमध्ये का दिसत नाहीत?

कर्णबधिर कुस्तीपटू वीरेंद्र सिंगने देशासाठी तीन सुवर्णपदकं आणली, मग पॅरालिम्पिकच्या यादीत त्याचं नाव का सापडत नाही, असं तुम्ही विचारलंय. थोडक्यात सांगायचं तर पॅरालिम्पिकमध्ये कर्णबधिरांचा गटच नाही, आणि आता कुस्तीही नाही. त्याची पदकं डेफलिम्पिक्सची, म्हणजे कर्णबधिरांच्या वेगळ्या जागतिक स्पर्धांची: मेलबर्न २००५, सोफिया २०१३, सामसुन २०१७. पण तुम्ही 'यांना बाहेर ठेवलंय' असं धरून चाललाय, तिथे गल्लत होतेय.

मुळात डेफलिम्पिक्स ही थोरली बहीण. स्टोक मँडव्हिलच्या रुग्णालयात जखमी सैनिकांचे खेळ सुरू झाले १९४८ साली, आणि पहिलं पॅरालिम्पिक रोमला १९६० मध्ये झालं. बहिऱ्यांचे 'आंतरराष्ट्रीय मूक खेळ' त्याआधीच, ऑगस्ट १९२४ मध्ये पॅरिसला भरले होते. त्याच उन्हाळ्यात तिथलं ऑलिम्पिक नुकतं उरकलं होतं. नऊ देश, १४८ खेळाडू. भरवणारा युजीन रुबेन्स-आल्के स्वतः बहिरा, पेशाने मेकॅनिक, सायकलिंगचा नादी. हे डॉक्टरांनी रुग्णांसाठी काढलेलं काम नव्हतं, आणि माझ्या मते सगळ्या इतिहासाची किल्ली इथेच आहे.

थोडं मागे जाऊ. १८८० साली मिलानच्या परिषदेत शिक्षकांनी ठराव केला की बहिऱ्या मुलांना ओठांवरून आणि बोलूनच शिकवायचं, खुणा बंद. (ठराव करणारे जवळपास सगळे ऐकू येणारे!) शाळांमधून हात गप्प झाले. मग मनमोकळं बोलायला जागा उरल्या त्या बहिऱ्यांच्या क्लबांत आणि मैदानांवर. पॅरिसच्या त्या आठवड्यातच आंतरराष्ट्रीय संघटनाही उभी राहिली. रुबेन्स-आल्के १९५३ पर्यंत तिचे अध्यक्ष होते. या संघटनेचा कारभार आजही बहिऱ्यांच्याच हातात असतो.

आता पॅरालिम्पिकशी काडीमोड कसा झाला ते. खरं तर १९८०च्या दशकात ही मंडळी अपंगांच्या क्रीडासंघटनांबरोबर एका समितीत होती, पण १९९५ मध्ये बाहेर पडली. दुभाष्यांचा खर्च हे एक कारण, एकत्र स्पर्धेत खेळाडूंची संख्या छाटली जाईल ही भीती दुसरं. पण मुख्य मुद्दा वेगळा होता. बहिरा धावपटू शरीराने धडधाकट असतो, त्याची अडचण भाषेची. चार बहिरे एकत्र आले की तीही उरत नाही. तेव्हा वेगळी चूल त्यांनी स्वतःहून मांडली. 'डेफलिम्पिक्स' हे नाव २००१ पासूनचं.

नियम मात्र कडक. दोनपैकी चांगल्या कानाचीही ऐकण्याची क्षमता किमान ५५ डेसिबलने (डेसिबल म्हणजे आवाजाचं माप) घटलेली हवी, आणि खेळताना कानातलं मशीन काढून ठेवायचं. म्हणजे थोडं ऐकू येणाऱ्यालाही फायदा नाही. शर्यत सुरू करायला पिस्तुलाऐवजी दिव्याचा इशारा असतो, फुटबॉलमध्ये पंच शिट्टीऐवजी झेंडा हलवतो. एवढ्याशा सोयीने काय होतं बघा: दक्षिण आफ्रिकेचा बहिरा जलतरणपटू टेरेन्स पार्किन याने २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये, ऐकू येणाऱ्यांच्यात, २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं रौप्य घेतलं. सुरुवातीचा इशारा त्याला दिव्याने मिळत होता.

सगळंच गोड नाही. २०११ च्या हिवाळी डेफलिम्पिक्स स्पर्धा स्लोव्हाकियात होणार होत्या. खेळाडू निघायच्या बेतात असताना, अगदी थोडे दिवस आधी, त्या रद्द झाल्या, कारण तयारीच झालेली नव्हती.

वेगळ्या चुलीची किंमतही मोजावी लागते. बक्षिसांच्या आणि नोकऱ्यांच्या सरकारी योजनांत 'ऑलिम्पिक' आणि 'पॅरालिम्पिक' हे शब्द हमखास सापडतात, तिसरा शोधावा लागतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये वीरेंद्रला राष्ट्रपतींच्या हस्ते पद्मश्री मिळाली. दुसऱ्या दिवशी तो ते पदक घेऊन दिल्लीत हरियाणा भवनाबाहेर फुटपाथवर बसला. मागणी एकच होती: पॅरा खेळाडूंना देता तेवढंच आम्हालाही द्या.