नवरा मेलबर्नला, मी पुण्यात: ३०९ व्हिसाच्या अर्जात वेगळं राहणं कसं मांडायचं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: लग्नाला पाच महिने झाले, नवरा ऑस्ट्रेलियाचा नागरिक आणि मेलबर्नला नोकरीला, लग्नानंतर दोघं जेमतेम तीन आठवडे एका घरात होतात, आता तुम्ही पुण्यात. पार्टनर व्हिसा (आधी तात्पुरता ३०९, मग कायमचा १००) भरायचाय, पण एकत्र राहत नाही म्हणून नाकारतील का आणि पुरावे आणायचे कुठून?

वेगळं राहता एवढ्यावरून अर्ज नाकारला जात नाही. ऑस्ट्रेलियाच्या १९५८ च्या स्थलांतर कायद्यात कलम ५एफ आहे. नवरा-बायको एकत्र राहत असावेत किंवा निदान कायमचे विभक्त राहत नसावेत, असं ते सांगतं. दुसरा पर्याय तुमच्यासारख्यांसाठीच आहे. शिवाय ३०९ भरताना अर्जदार ऑस्ट्रेलियाबाहेरच असावा लागतो, त्यामुळे दोन देशांत राहणारी जोडपी अधिकाऱ्यांना रोजची आहेत. अडकतात ते अर्ज, ज्यांत वेगळं राहण्याचं कारण कुठेच लिहिलेलं नसतं आणि मधल्या महिन्यांचा एकही कागद नसतो.

म्हणून सुरुवात निवेदनापासून करा. दोघांनी आपापलं, स्वतंत्र लिहायचं. कधी-कुठे भेटलात, लग्न कधी ठरलं, घरखर्च कसा चालतो, कधीपासून कधीपर्यंत वेगळे आहात आणि का, त्या काळात संपर्क कसा ठेवलात, पुढे कुठे राहणार, एवढं त्यात यायलाच हवं. लिहायला बसण्यापूर्वी एका पानावर तारखा मांडा: स्थळ आलं तो दिवस, पहिली भेट, साखरपुडा, लग्न, नोंदणी, त्याचं परत जाणं. या तारखा दोन्ही निवेदनांत, फॉर्ममध्ये आणि पासपोर्टच्या शिक्क्यांत जुळल्या पाहिजेत. एकाने लिहून दुसऱ्याने शब्द बदलले तर वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

"आम्ही रोज बोलतो, आमचं एकमेकांवर खूप प्रेम आहे" या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही. "तो कामावरून आला की तिकडे रात्रीचे आठ आणि इकडे दुपारचे साडेतीन वाजतात, मी ऑफिसात चहाच्या सुट्टीत दहा मिनिटं बोलते, मोठा कॉल रविवारी" असं लिहा आणि सोबत कॉलच्या नोंदी जोडा. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मेलबर्नची घड्याळं तासभर पुढे जातात. तुमच्या कॉलची वेळही त्या आठवड्यापासून सरकलेली दिसली, तर तो फार बोलका पुरावा आहे. असं आपसूक जुळणारं काही मुद्दाम रचता येत नाही.

चॅटची चारशे पानं मात्र चढवू नका. प्रत्येक फाइल जास्तीत जास्त ५ एमबीची चालते आणि तेवढं वाचणार कोण? दर महिन्यातले दोन-तीन दिवस निवडा, ज्यात घरातला काही निर्णय झालाय असे: सासऱ्यांची तपासणी, तिकडचं भाड्याचं घर, तुमची नोकरी सोडायची तारीख. मराठीतल्या मजकुराचं, मग तो रोमन लिपीत टाइप केलेला का असेना, इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. म्हणूनही थोडंच निवडा. भारतात करून घेतलेलं भाषांतर चालतं, पण त्यावर भाषांतरकाराचं पूर्ण नाव, पत्ता, फोन आणि पात्रता इंग्रजीत हवी. कॉलच्या नोंदींना भाषांतर लागत नाही.

अधिकारी चार बाजू तपासतो: पैसा, घर, समाजातली ओळख आणि बांधिलकी. वेगळं राहणाऱ्यांची पहिल्या दोन बाजूंवरच दमछाक होते.

पैशाच्या बाजूला संयुक्त खातं हवंच असा नियम नाही. तरी उघडायचं असेल तर त्याच्या एनआरओ खात्यावर (परदेशी राहणाऱ्याचं भारतातलं रुपयांचं खातं) तुमचं नाव जवळची नातेवाईक म्हणून लागू शकतं, फक्त ते 'पहिला खातेदार किंवा पश्चात दुसरा' अशा पद्धतीने, म्हणजे तो असेपर्यंत व्यवहार त्याचेच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे खात्यातली हालचाल. अर्जाच्या आदल्या आठवड्यात आलेले एकरकमी पाच लाख संशय वाढवतात. दर महिन्याला आलेले वीस हजार आणि त्यातून भरलेलं वीजबिल, विम्याचा हप्ता, आईंची औषधं हा संसार दिसतो. तुम्ही कमावत असाल तर पैसे तुमच्याकडून त्याच्याकडे गेले तरी चालतं. त्याच्या सुपरॲन्युएशनमध्ये (तिकडचा निवृत्तिनिधी) आणि तुमच्या पीएफमध्ये, विम्यात नॉमिनी म्हणून एकमेकांची नावं घाला. याला पैसे लागत नाहीत, तरी बरेच जण विसरतात.

'घर' म्हणजे एका छताखालचे दिवस. तुमच्याकडे तीनच आठवडे आहेत, तर तेच तपशिलात दाखवा: विमानाची तिकिटं, बोर्डिंग पास, हॉटेलचं दोघांच्या नावाचं बिल. तुम्ही सासरी राहत असाल किंवा जाऊन-येऊन असाल तर सासूबाईंचं किंवा दिरांचं पत्र घ्या. त्या घरातली कुठली कामं, कुठला खर्च तुमच्याकडे आहे, तेही लिहा. त्याच्या भाडेकरारावर तुमचं नाव खोटं घुसडू नका. चुकीची माहिती किंवा बनावट कागद पकडला गेला तर अर्ज जातोच, शिवाय पुढची तीन वर्षं व्हिसा मिळणं मुश्कील होतं.

समाजातली ओळख आपल्याकडे सोपी असते. लग्नपत्रिका, मंगल कार्यालयाची पावती, दोन्हीकडच्या माणसांसोबतचे फोटो. पंधरा-वीस फोटो पुरेत, पण प्रत्येकाखाली ओळ हवी: दिवाळसण, सातारा, तारीख, डावीकडून कोण कोण. नुसते तुम्हा दोघांचे सेल्फी कमी ठेवा. तुम्हा दोघांना ओळखणाऱ्या किमान दोन व्यक्तींकडून फॉर्म ८८८ (तुमचं नातं खरं असल्याची लेखी साक्ष) भरून घ्या, आणि त्यांनी स्वतः पाहिलेलं लिहावं असा आग्रह धरा.

आता कागद. फक्त फेरे होऊन नोंदणी राहिली असेल तर आधी ती करा. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली महापालिकेच्या कार्यालयात नोंदणी होते, दोघांना समक्ष जावं लागतं आणि तीन साक्षीदार लागतात. नवरा सुट्टीवर येईल तेव्हाच ती उरकावी लागते, नाहीतर अर्ज सहा-सहा महिने लांबतो. प्रमाणपत्र फक्त मराठीत असेल तर भाषांतर करून घ्या.

नावाचा गोंधळ आपल्या लोकांचा खास. पासपोर्टवर माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव, आधारवर नवऱ्याचं नाव, लग्नाच्या दाखल्यावर तिसरंच काही. अर्ज पासपोर्टवरच्या नावाने भरा आणि 'इतर नावे' या प्रश्नात उरलेली सगळी द्या, स्पेलिंगच्या फरकासह. पासपोर्टवरचं नाव बदलायचं तर अर्जाच्या खूप आधी किंवा व्हिसा आल्यावर. मधेच बदललंत तर पीसीसी (पोलिस दाखला), मेडिकल आणि अर्ज यांतली नावं जुळत नाहीत आणि खुलासे देत बसावं लागतं.

क्रम असा: इमीअकाउंटवर (ऑस्ट्रेलिया सरकारचं ऑनलाइन व्हिसा-अर्जाचं खातं) आधी तुमचा अर्ज भरून फी भरायची, मग त्या अर्जाचा टीआरएन (संदर्भ क्रमांक) घालून नवरा त्याचा स्पॉन्सरशिपचा अर्ज भरतो. फी ९ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर आहे, दर १ जुलैला बदलते आणि अर्ज नाकारला तर परत मिळत नाही. म्हणून आधी त्याची पात्रता तपासा: आयुष्यात दोनदाच पार्टनर स्पॉन्सर करता येतो, दोन वेळांमध्ये पाच वर्षांचं अंतर लागतं, आणि तो स्वतः पार्टनर व्हिसावर आलेला असेल तर त्यालाही पाच वर्षांचा नियम लागतो.

सोळाव्या वर्षानंतर, गेल्या दहा वर्षांत जिथे जिथे एकूण १२ महिने राहिलात त्या प्रत्येक देशाचा पोलिस दाखला लागतो. तुमची पीसीसी पासपोर्ट सेवेतून मिळते, फी ५०० रुपये. अर्जात देश ऑस्ट्रेलिया टाका. पोलिस पडताळणी सध्याच्या पत्त्यावर होते, तेव्हा सासर-माहेर यातला एकच पत्ता सगळीकडे ठेवा. नवऱ्यालाही दाखले लागतात. मेडिकल ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडेच, एचएपी क्रमांक (तपासणीसाठी इमीअकाउंटवर मिळणारा) घेऊन. पीसीसी आणि मेडिकल दोन्ही साधारण १२ महिनेच चालतात, म्हणून फार आधी करून ठेवू नका.

पूर्वी टुरिस्ट व्हिसासाठी अर्ज केला असेल तर तो काढून वाचा. साखरपुड्यानंतर भरलेल्या त्या अर्जात 'ऑस्ट्रेलियात कोणी ओळखीचं नाही' असं लिहिलं गेलं असेल, तर आता निवेदनात स्वतःहून खुलासा करा. आपण सांगितलेली चूक निभावते, त्यांनी शोधलेली निभावत नाही.

अर्ज भरल्यावर वाट पाहताना ६०० व्हिजिटर व्हिसावर जाऊन या, जमेल तितकं एकत्र राहा. ३०९ च्या अर्जावर ब्रिजिंग व्हिसा (निकाल येईपर्यंत तिथे राहू देणारा) मिळत नाही, म्हणून मुदतीत परतायचं. प्रत्येक भेटीनंतर तिकिटं, फोटो, खर्चाच्या पावत्या त्याच आठवड्यात अपलोड करा आणि पत्ता, नोकरी, पासपोर्ट यांत काही बदललं तर लगेच कळवा. या सगळ्याचा फोल्डर घरी संगणकावरही ठेवा, कारण अर्जाच्या तारखेपासून दोन वर्षांनी १०० साठी पुन्हा हेच चार प्रकारचे पुरावे मागतात. तेव्हा मात्र वेगळं राहण्याचं कारण उरलेलं नसेल, म्हणून तिकडे राहायला गेलात की दोघांच्या नावाचा भाडेकरार आणि बिलं पहिल्याच महिन्यापासून जमवायला लागा.