आबांची किमो, मामांचा व्हिडिओ आणि मनाचं काम

ताई, मामांच्या व्हिडिओवरून आबांची किमो थांबवायची का असं तुम्ही विचारलंत, तर आधी सरळ उत्तर देतो, बाकीचं मग सावकाश. आबांच्या किमोच्या राहिलेल्या चार सायकल, म्हणजे फेऱ्या, बंद करू नका. मामा म्हणतात तसा मनाचा आणि शरीराचा संबंध आहे का तर आहे, चांगला घट्ट आहे, पण तो किमोच्या जोडीला लावायचा, किमोच्या जागी नाही.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं. आबा 61 वर्षांचे, पाचोऱ्याकडे शेती, मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं, तिसरी स्टेज निघाली, दर तीन आठवड्यांनी एक सलाईन आणि मग चौदा दिवस गोळ्या असं आठ वेळा करायचंय, त्यातलं निम्मं झालं. हातापायाला मुंग्या येतात, जेवण तुटलंय, चिडचिड वाढलीय. आणि अशात मामांनी तो व्हिडिओ पाठवला की कॅन्सर म्हणजे आत दाबून ठेवलेला राग, तो सोडा, साखर दूध गहू सोडा, ध्यान करा, गाठ आपोआप विरघळते. मी यावल तालुक्यातला केळीवाला, डॉक्टर नाही, पण माझंही तेच आतडं, तीच सलाईन आणि त्याच गोळ्या, आणि भाचा डॉक्टर असल्यामुळे परदेशातले पेपर तो मला समजावून सांगत असतो, म्हणून एवढं लिहायची हिंमत करतोय.

रागाचं आधी संपवून टाकू. आबांच्या डोक्यात आत्ता हे बसलं असणार की आपण भावाशी वाटणीवरून भांडलो, मनात कुढत बसलो, म्हणून हे झालं. त्यांना सांगा की तसं नाही. 2013 मध्ये युरोपातल्या 1 लाख 16 हजार माणसांच्या नोंदी एकत्र करून कामाचा ताण आणि कॅन्सर यांचा संबंध तपासला होता, त्यात आतडं, फुफ्फुस, स्तन, प्रोस्टेट यापैकी कशाशीच संबंध सापडला नाही. उंदरांमध्ये ताणाच्या हार्मोन्समुळे गाठ पसरायला मदत होते असं दिसलंय, ते खरं आहे, पण माणसात ते तसं सिद्ध झालेलं नाही. वाटणीवरून न भांडलेला माणूस आपल्या खान्देशात शोधून दाखवा मला. तंबाखू, गुटखा, दारू, वय, घराण्यात कोणाला असणं, ही कारणं आहेत. आबा मिसरी लावत असतील किंवा विडी ओढत असतील तर राग सोडायच्या आधी ती सोडायला लावा.

दुसरं, किमो सोडून नुसते पर्यायी उपाय केलेल्या लोकांचं काय झालं हे अमेरिकेत येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी बघितलं, 2018 मध्ये छापून आलं. ज्यांचा आजार बरा होण्यासारखा होता पण ज्यांनी ऑपरेशन, किमो, रेडिएशन नाकारलं असे 281 जण, आणि तसाच आजार असून नेहमीची ट्रीटमेंट घेतलेले 560 जण. पहिल्या गटात मृत्यूचा धोका सरासरी अडीच पट निघाला, आणि आतड्याच्या कॅन्सरमध्ये साडेचार पट. आबांचं ऑपरेशन झालंय हे खरं, त्यामुळे त्यांना हा आकडा जसाच्या तसा लागू होणार नाही, पण मामांना दाखवायला पुरेसा आहे.

आता चांगली गोष्ट, आणि ती नेमकी आबांच्याच आजाराची आहे. 2025 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये चॅलेंज नावाची ट्रायल, म्हणजे पेशंटवर करून बघितलेली चाचणी, आली. कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि आणखी काही देशांतले 889 पेशंट, सगळे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे, ऑपरेशन झालेलं, किमो पूर्ण झालेली. निम्म्यांना व्यायाम आणि आहाराची माहितीपुस्तिका दिली, निम्म्यांना त्याबरोबर तीन वर्षं व्यायामाचा माणूस लावून दिला जो त्यांच्या मागे लागायचा. व्यायाम म्हणजे जिम नाही हो, बहुतेकांना आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण एक तास झपझप चालणं एवढंच पुरे होतं. पाच वर्षांनी व्यायामाच्या गटात 100 पैकी 80 जण आजार न उलटता राहिले, पुस्तिकावाल्या गटात 74. आठ वर्षांनी जिवंत असलेले 90 आणि 83. भाच्याने हे वाचून दाखवलं तेव्हा मी त्याला दोनदा विचारलं की औषध कोणतं होतं, तर औषध नव्हतंच, पाय होते.

पण यातली बारीक गोष्ट मामांना नक्की दाखवा, की या सगळ्यांनी किमो आधी पूर्ण केली होती. चालण्याने किमोच्या वर फायदा दिला. सोडलेल्या किमोची भरपाई चालण्याने होते असं त्या ट्रायलमध्ये कुठेच नाही. आणि व्यायामाच्या गटात गुडघे, कंबर, स्नायू यांच्या तक्रारी थोड्या जास्त होत्या, म्हणून आबांना एकदम पाचोरा ते जळगाव पायी काढू नका.

किमो चालू असताना चालायचं का, तर डॉक्टरांनी हो म्हटलं की थोडं थोडं जरूर चालायचं, थकवा झोपून जात नाही, उलट झोपून वाढतो, हे मी स्वतः भोगलंय. मी सलाईननंतरचे पहिले दोन-तीन दिवस ओट्यावरच फेऱ्या मारायचो, मग केळीच्या बागेच्या कडेने, सोबत कोणीतरी, खिशात मोबाइल. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 45 च्या घरात जातो त्यामुळे सूर्य उगवायच्या आत परत घरात. अनवाणी अजिबात नाही, कारण त्या गोळ्यांनी तळपाय लाल होतात, सोलतात, आणि एकदा का भेगा पडल्या की डॉक्टर डोस कमी करतात नाहीतर थांबवतात. मऊ चप्पल, सुती मोजे, रात्री तळव्यांना मलम.

मुंग्यांबद्दल. त्या सलाईनमधल्या औषधाने गार सहन होत नाही. भर उन्हाळ्यात माठातलं पाणी प्यायलो तर घशात काटे टोचल्यासारखं व्हायचं, क्षणभर श्वास अडकला असं वाटायचं, आणि घरचे म्हणायचे की मनाचे खेळ आहेत. मनाचे नाहीत, औषधाचे आहेत. आबांना सलाईननंतर काही दिवस माठ, फ्रिज, बर्फाचा गोळा सगळं बंद, साधं नाहीतर कोमट पाणी द्या, सकाळी गार नळाखाली हात धुवायला लावू नका. पण मुंग्या पुढच्या सायकलपर्यंत टिकत असतील, शर्टाची बटणं लावता येत नसतील, तर ते डॉक्टरांना सांगायलाच पाहिजे, ते डोस बदलतात. बरेच लोक घाबरून सांगत नाहीत की ट्रीटमेंट बंद करतील, आणि मग मुंग्या वर्षानुवर्षं राहतात.

आता मन. मनाची ताकद मी खरोखर कुठे बघितली ते सांगतो. काही सायकल झाल्यावर मला सुई लागायच्या आधीच मळमळायला लागलं. दवाखान्याच्या लिफ्टमध्ये फिनेलचा वास आला की पोटात ढवळायचं, पुढे पुढे तर जळगावचा तो चौक दिसला तरी. औषध अंगात गेलेलंच नाही आणि उलटी हजर! हे नाटक नसतं, मेंदू वास आणि उलटी यांची गाठ मारून टाकतो, डॉक्टरांना हे चांगलं माहीत असतं, आणि इथे उलटीच्या गोळ्या फारशा चालत नाहीत, श्वासाचे आणि अंग सैल सोडायचे व्यायामच जास्त चालतात. तिथल्या एका सिस्टरने शिकवलं, नाकाने श्वास आत, मग सोडताना दुप्पट वेळ, खांदे सोडून, डोळे मिटून. मी त्यात माझं घातलं, श्वास सोडताना मनात हरिपाठाची एक ओळ. आमच्याकडे मुक्ताईच्या पालखीला जाणारं घर, हरिपाठ तोंडात बसलेला, त्यामुळे वेगळं ध्यान शिकायची गरज पडली नाही. आबांना ज्याची सवय आहे तेच द्या, भजन असेल तर भजन, नमाज असेल तर नमाज, काही नसेल तर बैलाच्या पाठीवर हात फिरवत बसू द्या. योग, ध्यान यांनी झोप, भीती, थकवा यांना फायदा होतो याला चांगला पुरावा आहे. फक्त कपालभाती आणि पोटाला झटके देणारं काही सर्जनला विचारल्याशिवाय नको, टाका पडलेलं पोट आहे, हर्निया होतो.

मनाने आयुष्य वाढतं का, याची पण एक गोष्ट आहे. 1989 मध्ये डेव्हिड स्पीगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात छापलं की पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या बायका आठवड्यातून एकदा एकत्र बसून बोलायच्या त्या जवळपास दुप्पट जगल्या. जगभर गाजलं. मग 2001 मध्ये कॅनडात जास्त बायका घेऊन तेच करून बघितलं तर आयुष्य वाढलं नाही, आणि 2007 मध्ये स्वतः स्पीगल यांनी परत केलं तेव्हाही एकूण गटात वाढलं नाही. पण कॅनडातल्या बायकांचं मन हलकं झालं, दुखणं कमी वाटलं, ज्या जास्त त्रासात होत्या त्यांना जास्त फायदा. मला विचाराल तर तेवढं कमी नाही. व्हिडिओवाले 1989 चं सांगतात, पुढचं गिळून टाकतात.

म्हणूनच माझा सगळ्यात जास्त राग "पॉझिटिव्ह राहा" यावर आहे. जो येतो तो आबांना सांगणार, आबा टेन्शन घेऊ नका, हसत राहा, मन खंबीर असलं की काही होत नाही. म्हणजे उद्या रिपोर्ट वाईट आला तर मन खंबीर नव्हतं, चूक आबांची! आजारी माणसाच्या डोक्यावर हे आणखी एक पोतं कशाला. त्यांना रडायचं असेल तर रडू द्या, चिडू द्या. भेटायला येणाऱ्यांना ओसरीवर बसवून चहा पाजून परत पाठवा, निम्मे लोक आपल्या आत्याच्या जावेला कसं झालं आणि ती कशी गेली हेच सांगायला येतात. मात्र दोन-दोन आठवडे झोप नाही, कशातच मन नाही, जगून काय करू असं बोलतात, असं असेल तर तो स्वभाव समजू नका, तेही आजारपणच आहे, कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगा, किंवा 14416 या सरकारी टेली-मानसच्या नंबरवर बोला, फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

ताणाचं खरं कारण आपल्याकडे बहुतेक वेळा पैसा आणि येणं-जाणं असतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किमो बसते का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. मुंबईला जायची वेळ आली तर रेल्वेच्या फॉर्मवर दवाखान्याचा सही-शिक्का घ्या, कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ असतं आणि सोबतच्या एकाला 75 टक्के सवलत. हे झालं तेव्हा मला जेवढी झोप लागली तेवढी कुठल्या प्राणायामाने लागली नव्हती.

जेवणाचं. साखर, दूध, गहू एकदम सोडून कॅन्सर उपाशी मरत नाही, आबा मरतील, वजन घटलं की डोस झेपत नाही. त्यांना आत्ता प्रोटीन पाहिजे, रोज किलोमागे एक ग्रॅमच्या वर, म्हणजे 60 किलोच्या माणसाला सत्तरच्या आसपास. किडनीचा त्रास असेल तर आधी विचारा. वरण, मुगाची खिचडी, अंडी, पनीर, दूध पचत असेल तर दूध, दादर ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून. शेवभाजी, ठेचा आणि तिखट भरीत सध्या नाही, तोंड आलेलं असताना आग होते, मी भरीत बिनमिरचीचं आणि तेल कमी घालून खाल्लं, भरीत म्हणायला लाज वाटेल असं, पण वांग्याचा धुरकट वास आला की भूक लागायची. ताटभर नको, दर दोन तासांनी वाटीभर. गोळ्या जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत. जुलाब लागले, नेहमीपेक्षा चार-पाच वेळा जास्त, तर गोळ्या तिथेच थांबवून फोन करायचा, आपल्या उन्हात एका दिवसात माणूस सुकतो.

आणि कोणी दिलेला गुळवेलीचा काढा, हळदीच्या कॅप्सूल, ताकदीच्या गोळ्या, हे सगळं पिशवीत भरून पुढच्या वेळी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. गुळवेलीने लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये छापल्यात, आणि ताकदीच्या गोळ्यांमधलं फॉलिक अ‍ॅसिड आबांच्या किमोच्या गोळ्यांचा त्रास वाढवतं. ताप 100.4 च्या वर गेला तर काढा नाही, क्रोसिन देऊन झोपवणं नाही, रात्र असली तरी थेट दवाखाना.

मामांशी भांडू नका. त्यांना भीती वाटतेय आणि काहीतरी करायचंय. त्यांना काम द्या, पुढच्या सायकलला गाडी घेऊन तेच येतील, डॉक्टरांना व्हिडिओ तेच दाखवतील आणि उत्तर तेच ऐकतील, आणि रोज सकाळी आबांना चालायला न्यायची ड्युटी पण त्यांचीच.