माशांना टॅग लावायचेत? मग इलेक्ट्रॉनिक्स सोडू नकोस

प्रश्न: मी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. समुद्रात हजारो किलोमीटर स्थलांतर करणाऱ्या माशांचा माग काढणारे टॅग बनवायची इच्छा आहे. शाखा बदलून सागरी जीवशास्त्र घेऊ का? बाबा म्हणतात, माशांच्या मागे लागून पोट भरत नाही.

उत्तर: शाखा मुळीच बदलू नकोस. टॅग कोणत्या माशाला लावायचा, हे जीवशास्त्रज्ञ ठरवतात. तो खाऱ्या पाण्यात, प्रचंड दाबाखाली महिनोन्महिने चालू ठेवणं हे तुझ्या शाखेचं काम, आणि घोडं बहुतेकदा तिथेच अडतं.

समुद्राच्या पाण्यात रेडिओलहरी फार शिरत नाहीत, त्यामुळे मासा खाली असेपर्यंत जीपीएस निरुपयोगी. म्हणून ट्यूना, शार्क यांना ‘पॉप-अप’ टॅग लावतात. तो दाब, तापमान आणि उजेड नोंदवत राहतो. ठरल्या दिवशी टॅग एका बारीक पिनेतून वीज सोडतो. पिन खाऱ्या पाण्यात झिजून तुटते, टॅग वर येऊन तरंगतो आणि आर्गोस या माग काढणाऱ्या यंत्रणेच्या उपग्रहांना माहिती पाठवू लागतो. एका संदेशात मावतात जेमतेम तीसेक बाइट! म्हणजे महिन्यांच्या नोंदींचं सार टॅगनेच काढायचं, तेही उरल्यासुरल्या बॅटरीवर. ‘निकोल’ नावाची ग्रेट व्हाइट शार्क दक्षिण आफ्रिकेहून ऑस्ट्रेलियाला पोहोचली, हे २००४ मध्ये अशाच टॅगने सांगितलं. (ती परतल्याचं मात्र पाठीवरच्या पराच्या फोटोवरून कळलं. टॅग केव्हाच सुटला होता.)

मासा कुठे होता, हे उजेडावरून काढतात: दिवसाच्या लांबीवरून अक्षांश, मध्यान्हाच्या वेळेवरून रेखांश. आता गंमत बघ. टॅगमधलं घड्याळ ४ मिनिटं चुकलं की रेखांश एका अंशाने चुकतो, विषुववृत्तावर तब्बल १११ किलोमीटर! आणि तापमान बदललं की घड्याळाचा ठेका धरणाऱ्या क्रिस्टलची (स्फटिकाची) चालही बदलते. अक्षांशाचं दुखणं वेगळंच. विषुवदिनाच्या (दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवसाच्या) आसपास दिवस सगळीकडे सारखाच असतो, तेव्हा सर्किट कितीही उत्तम असो, अक्षांश धड कळत नाही.

बाबांचं म्हणणं अर्धं खरं आहे. अमेरिकेतली वाइल्डलाइफ कॉम्प्युटर्स, कॅनडातली लोटेक अशा कंपन्या आहेत, पण जागा थोड्या. त्यामुळे एवढ्या एकाच नोकरीवर डोळा ठेवू नकोस. कमी विजेवर चालणारी एम्बेडेड उपकरणं (आत छोटा संगणक बसवलेली), सेन्सरचं कॅलिब्रेशन (मोजमाप अचूक करून घेणं), जलरोधक पॅकेजिंग हे नीट शिक. शरीरात बसवायच्या वैद्यकीय उपकरणांनाही हेच लागतं. जीवशास्त्राचा एखादा कोर्स जोडीला पुरे. संख्याशास्त्र मात्र टाळू नकोस.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला दाब, तापमान आणि उजेड नोंदवणारा छोटा लॉगर बनव. तो इपॉक्सीत (घट्ट होणाऱ्या राळेत) बंद करून मिठाच्या पाण्यात महिनाभर ठेव. स्लीपमध्ये (काम नसताना झोपलेला असतो तेव्हा) किती करंट खातो आणि घड्याळ किती सरकलं, ते मोज आणि त्याचा आलेख काढ. पुढे संशोधकांना इंटर्नशिपसाठी लिहिशील, तेव्हा मार्कशीटच्या आधी तो आलेख जोड.