रक्तदाब, रोजची गोळी आणि मोबाइलवरचा संदेश

प्रश्न (महाल, नागपूर): वडिलांना पाच वर्षांपासून उच्च रक्तदाब आहे, पण बरे वाटले की ते गोळी सोडून देतात. मी नोकरीनिमित्त पुण्यात असतो. मोबाइलवर संदेश पाठवून खरोखर काही फरक पडेल का?

उत्तर: फरक पडतो, मात्र तो किती पडतो हे आधी समजून घ्यावे. केपटाउन येथे उच्च रक्तदाबाच्या १,३७२ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभर माहितीचे साधे संदेश मिळालेल्या रुग्णांचा वरचा रक्तदाब इतरांपेक्षा सरासरी सुमारे २ अंकांनीच कमी आढळला, आणि उत्तर देण्याची सोय असलेल्या संदेशांनी त्याहून अधिक काही साधले नाही. सिडनीत हृदयविकाराच्या ७१० रुग्णांचा जो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सहा महिने आठवड्याला चार संदेश मिळालेल्यांमध्ये ही घट सुमारे साडेसात अंकांची होती. संदेश गोळीची जागा घेत नाही. गोळी रोज पोटात जावी, एवढेच त्याचे काम. हे काम मी लहान मानत नाही, कारण रक्तदाब दुखत नाही, आणि ‘बरे वाटले म्हणून सोडली’ हे वाक्य मी तपासणीच्या खोलीत फार वेळा ऐकतो.

तुम्ही रोज एकच ‘गोळी घेतली का?’ पाठवाल, तर काही दिवसांनी तो संदेश न वाचताच राहील. कधी गोळी कशासाठी आहे ते लिहा, कधी पुढच्या तपासणीची तारीख कळवा आणि रविवारी गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो मागवा. किती घरे रिकामी झाली हे मोजले की वेगळे विचारावे लागत नाही.

प्रश्न (मानेवाडा): घरच्या ग्रुपवर ‘उपाशीपोटी लसूण खा, गोळ्या कायमच्या बंद करा’ असा संदेश आला आणि आईने गोळी थांबवली. काय करावे?

उत्तर: आजच डॉक्टरांना फोन करून गोळी पुन्हा कशी सुरू करायची ते विचारा. काही गोळ्या अचानक थांबवल्यास रक्तदाब एकदम उसळी घेतो. भाजीतला लसूण आईंनी जरूर खावा. परंतु जो संदेश गोळी बंद करायला किंवा तिची मात्रा बदलायला सांगतो, तो कोणीही पाठवलेला असला तरी त्याला आरोग्यशिक्षण म्हणता येणार नाही.

प्रश्न (हिंगणा मार्ग): आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या ग्रुपवर कोणते संदेश पाठवावेत?

उत्तर: ज्यावर त्याच दिवशी काही करता येईल, असे. ‘मीठ कमी खा’ हे सर्वांना पाठ आहे. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक चमचाही न भरणारी मर्यादा लोणचे, पापड, सांडगे आणि तर्रीतच कशी संपते, हे मात्र लक्षात येत नाही. म्हणून असे लिहा: ‘आज ताटात लोणच्याऐवजी लिंबाची फोड घ्या.’ किंवा: ‘रक्तदाब मोजण्याआधी अर्धा तास चहा नको, तंबाखू-सुपारीचा खर्रा नको. लघवीला जाऊन या, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसा, पाय जमिनीवर ठेवा.’ खर्रा तर मोजण्याच्या दिवशीच नव्हे, कायमचा सुटायला हवा, आणि आपल्या शहरात हे पुन्हा पुन्हा लिहावे लागेल.

मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांना उठताना चक्कर येऊ शकते. अशा वेळी ‘गोळी स्वतःहून सोडू नका, डॉक्टरांना कळवा’ असा संदेश अवश्य जावा. सदस्यांनी आपले आकडे ग्रुपवर टाकू नयेत. ते डॉक्टरांना स्वतंत्रपणे पाठवावेत.

प्रश्न (इतवारी): माझ्या आईला वाचता येत नाही.

उत्तर: स्वतःच्या आवाजात, घरच्या बोलीत, अर्ध्या मिनिटाचा ध्वनिसंदेश तिच्या गोळीच्या वेळी पाठवा.

प्रश्न (सदर): रात्री यंत्रावर १८४/१२२ दिसले. डॉक्टरांना संदेश पाठवून सकाळपर्यंत थांबलो. बरोबर केले का?

उत्तर: छातीत दुखणे, धाप लागणे, बोलणे अडखळणे, अंधुक दिसणे किंवा एका बाजूचे हातपाय लुळे पडणे यांपैकी काहीही असेल, तर संदेश पाठवून उत्तराची वाट पाहू नये, १०८ वर फोन करून लगेच रुग्णालयात जावे. असे काही नसेल, तर पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजावे, आणि आकडा १८०/१२० च्या वरच राहिला तर त्याच रात्री डॉक्टरांना फोन करावा. संदेश त्यांनी सकाळीच पाहिला असता.