अहिराणी शब्दसंग्रहाच्या विकीवर संपादनाचा अधिकार कोणाला?

प्रश्न : आमच्या वाचनालयाने मीडियाविकीवर (विकिपीडिया ज्या मोफत संगणकप्रणालीवर चालतो तिच्यावर) अहिराणी शब्दसंग्रह सुरू केला आहे, परंतु कोणीही अनोळखी व्यक्ती येऊन नोंदी पुसून जाते. वाचन सर्वांना खुले ठेवून संपादन सभासदांपुरते कसे ठेवावे?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : पुसलेल्या नोंदींची काळजी करू नये, पानाच्या इतिहासात प्रत्येक आवृत्ती जपलेली असते आणि तेथून ती परत आणता येते. मीडियाविकीच्या मूळ मांडणीत खाते नसलेल्यालाही संपादन करता येते. म्हणून विकीची मांडणी ठरवणाऱ्या ‘लोकलसेटिंग्ज’ या फाइलमध्ये तारांकनाने दाखवलेल्या, म्हणजे सर्वांच्या, गटाचा संपादनाचा अधिकार बंद करावा. त्याच गटाचा खाते उघडण्याचा अधिकारही काढणे अत्यावश्यक आहे, अन्यथा तीच व्यक्ती क्षणात खाते उघडून पुन्हा आत येईल. यापुढे चाळीसगाव किंवा शिरपूरच्या नव्या सभासदाचे खाते प्रचालकाने, म्हणजे विकीची व्यवस्था पाहणाऱ्या सदस्याने, उघडून द्यावे. येथे बहुतेकांची गफलत होते ती अशी, की अधिकार बेरजेने मिळतात. एका गटात बंद केलेला अधिकार दुसऱ्या गटाकडून मिळत असेल, तर तो सदस्याकडे राहतोच.

भाषा, स्वाक्षरी, ईमेल सूचना या बाबी ज्याच्या त्याच्या ‘पसंती’ पानावर ठरतात. मुखपृष्ठासारखी मोजकी पाने प्रचालकाने सुरक्षित करावीत, म्हणजे त्यांचे संपादन इतरांना बंद ठेवावे.

पुढे वाचनही मर्यादित करायचे झाल्यास लक्षात घ्यावे, की चढवलेल्या ध्वनिफिती थेट पत्त्यावरून उघडतात. त्यासाठी सर्व्हरवर वेगळी व्यवस्था लागते.